जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर : शेताकडे देवाची शाळा म्हणून पाहणारा कृषिशास्त्रज्ञ

वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' या पुस्तकामुळे हे नाव तुमच्यापैकी अनेकांच्या घरात पोहोचले आहे. कार्व्हर म्हटले की बहुतेकांना भुईमुगापासून बनवलेल्या तीनशे वस्तू आठवतात. माझ्या मते त्यांचे खरे काम त्याआधीचे आहे. कापसाने खचलेली जमीन त्यांनी कर्जात बुडालेल्या कुळांच्या खिशाला परवडेल अशा पद्धतीने उभी करून दाखवली. हे काम करण्याची दिशा त्यांना त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून मिळाली. निसर्ग हे देवाचे पुस्तक आहे आणि ते रोज वाचायचे असते, असे ते मानत. म्हणून शेती आणि श्रद्धा या दोन्ही बाजूंनी त्यांचे आयुष्य पाहू.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड गावाजवळच्या मोझेस कार्व्हर यांच्या शेतावर १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला, तोही गुलाम म्हणून. तान्हा असतानाच त्याला आणि त्याच्या आईला टोळीवाल्यांनी पळवून नेले. मालकाने माणूस पाठवला. त्याला पोर सापडले, आई कधीच सापडली नाही. गुलामी संपल्यावर मोझेस आणि सुझन या दांपत्याने जॉर्जला आणि त्याच्या भावाला सांभाळले. जॉर्ज सतत आजारी असे, त्यामुळे त्याला शेतातली जड कामे मिळाली नाहीत. तो घरकाम शिकला आणि उरलेल्या वेळात रानात फिरला. कोमेजलेली रोपे तो आपल्या छोट्या बागेत आणून जगवी. आजूबाजूचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणू लागले.

शिकण्यासाठी तो निओशो गावी गेला. तिथे मरायाह वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला घरात घेतले आणि बायबल दिले. पुढे कॅन्ससमधल्या एका महाविद्यालयाने आधी प्रवेश दिला, पण तो दारात उभा राहताच कातडीचा रंग पाहून परत पाठवले. तरी तो थांबला नाही. धुणी धुऊन, स्वयंपाक करून तो शिकत राहिला. १८९० मध्ये आयोवातील सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकत होता. त्याची फुलांची चित्रे पाहून शिक्षिका एटा बड यांनी त्याला एम्सच्या कृषी महाविद्यालयाकडे वळवले. तिथे त्याने १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. प्रा. लुईस पॅमेल यांच्या हाताखाली त्याने पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला. याच काळात दुग्धशास्त्राच्या एका प्राध्यापकाचा लहान मुलगा, हेन्री वॉलेस, त्याच्यासोबत रानात वनस्पती ओळखायला जाई. हाच मुलगा पुढे अमेरिकेचा कृषिमंत्री आणि उपराष्ट्राध्यक्ष झाला. विस्तार कार्यकर्त्यांनी शाळकरी मुलांना शेतात नेण्याचा कंटाळा करू नये, त्याचे हे एक कारण!

कापसाखालची लाल माती

१८९६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हर यांना अलाबामातील टस्कीगी संस्थेत बोलावले. प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी कचऱ्याच्या ढिगातून बाटल्या, डबे, जुने दिवे गोळा केले आणि त्यातून उपकरणे बनवली. बाहेर परिस्थिती याहून वाईट होती. वर्षानुवर्षे कापसावर कापूस घेतल्याने सेंद्रिय कर्ब संपला होता आणि पावसाने माती धुपून घळी पडल्या होत्या. बहुतेक काळे शेतकरी वाट्याने शेती करत. बी, खत, पीठ सगळे उधारीवर येई आणि कापूस विकला की हिशेब दुकानदाराकडेच संपे. अशा माणसाला खताच्या पोत्याची शिफारस करून काय उपयोग?

कार्व्हर यांनी त्याला जंगलातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ दाखवला. जंगलाला कोणी खत घालत नाही, तरी ते वाढते. जे जमिनीतून येते ते जमिनीत परत जाते. देवाच्या सृष्टीत टाकाऊ काही नसते, ही त्यांची श्रद्धा, आणि तीच त्यांच्या कंपोस्टच्या शिफारशीमागची दृष्टी. हिवाळ्यात रिकाम्या हाताने बसण्याऐवजी पाला, शेण आणि गाळ यांचे थर लावा, असे ते सांगत. खचलेल्या जमिनी सुधारण्यावर त्यांनी १९०५ मध्ये स्वतंत्र पुस्तिका काढली.

दुसरा उपाय फेरपालट. १९०३ ची त्यांची पुस्तिका चवळीवर होती. भुईमुगाची प्रसिद्ध पुस्तिका १९१६ ची, त्यात खाण्याचे १०५ प्रकार दिले होते. हा क्रम लक्षात ठेवा. भुईमूग घेतला की जमीन आपोआप सुपीक होते, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, पण काढणीला आपण झाड मुळासकट उपटतो. शेंगा आणि पाला दोन्ही शेताबाहेर गेले तर नत्राचा मोठा भाग त्यांच्याबरोबर जातो. पाला जनावरांना घातला तर शेणखत त्याच शेतात आले पाहिजे. चवळी गाडली तर सगळेच जमिनीत राहते. गाठी काम करतात की नाही हे तुम्हालाही पाहता येते. पीक फुलोऱ्यात असताना एक झाड खुरप्याने हलके उकरा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला तर नत्र स्थिर होत आहे. पांढरी वा हिरवट दिसली तर नाही.

१९१० च्या सुमारास बोंडे पोखरणारा सोंड्या भुंगा अलाबामात शिरला आणि कापूस बसला. (आपल्याकडची गुलाबी बोंडअळी वेगळी, ही कीड भारतात नाही.) मग लोक भुईमूग आणि रताळ्याकडे वळले, आणि कार्व्हर यांची अनेक वर्षांची शिफारस कामी आली.

शेतकरी संस्थेत येत नाही, तर संस्थेने त्याच्याकडे जावे, म्हणून १९०६ मध्ये जेसप वॅगन ही फिरती शाळा सुरू झाली. घोड्यांच्या या गाडीत अवजारे, बियाणे आणि नमुने असत. गाडी नेणारे थॉमस कॅम्पबेल अमेरिकेच्या कृषी खात्याचे पहिले कृष्णवर्णीय विस्तार कार्यकर्ते ठरले.

पहाटेचे रान आणि प्रयोगशाळा

कार्व्हर रोज पहाटे उजाडण्यापूर्वी एकटे रानात जात. देव दिवसाचे काम तिथे सांगतो, असे ते मानत. परतताना हातात एखादी रोगट फांदी, एखादी बुरशी असेच. रविवारी संध्याकाळी ते विद्यार्थ्यांचा बायबल वर्ग घेत. हजेरीची सक्ती नव्हती, तरी खोली भरे. शुक्रवारी पान उलटून न पाहणाऱ्याला रविवारी देव दिसणार नाही, असा काहीसा त्यांचा कल होता. भुईमुगाबद्दल ते एक गोष्ट सांगत. आपण देवाला विश्वाचे रहस्य विचारले, ते आपल्या कुवतीबाहेरचे निघाले, म्हणून शेंगदाण्यापुरतेच विचारले. १९२१ मध्ये आयात करासंबंधी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांना दहा मिनिटे मिळाली होती. सुरुवातीला कुचेष्टा झाली, पण सदस्यांनीच वेळ वाढवून दिला. बी धरणारी वनस्पती माणसाला अन्न म्हणून दिली, हा बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा दाखला त्यांनी तिथेही दिला.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये त्यांनी सांगितले की आपण प्रयोगशाळेत पुस्तके नेत नाही, पद्धत देवच सुचवतो. न्यूयॉर्क टाइम्सने टीका केली की शास्त्रज्ञ असे बोलत नसतात. ते दुखावले. प्रेरणा अभ्यासाच्या जागी येत नाही, असे त्यांनी लिहून कळवले आणि आपण कोणाकडे शिकलो, काय वाचले, तेही मांडले. इथे माझे मत सांगतो. श्रद्धेने त्यांना काय पाहायचे ते दाखवले, त्यात काही वावगे नाही. पण त्यांनी बहुतेक वस्तूंची कृती लिहून ठेवली नाही, ही उणीव खरी आहे. पेटंट फक्त तीन. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले हेही खरे नाही. टिकली ती शेतकऱ्यांसाठी लिहिलेली ४४ पुस्तिकांची मालिका.

लग्न केले नाही, पगारवाढ मागितली नाही. जमलेले सुमारे ६० हजार डॉलर संशोधनासाठी स्थापलेल्या प्रतिष्ठानाला दिले. १९४२ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, त्यांनी खाण्याजोग्या रानभाज्यांवर पुस्तिका काढली. जिन्यावरून पडल्यानंतर ५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत त्यांचे निधन झाले. पहाटेच्या फेऱ्यांत गोळा केलेले त्यांचे बुरशीचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात आजही आहेत.