तपास कोणाकडे? आयडा बी. वेल्स यांनी लढलेला प्रश्न

अत्याचाराची घटना घडली की आपल्या मोर्चातली पहिली मागणी ठरलेली असते : तपास स्थानिक पोलिसांकडून काढून घ्या. मग आपण तपासात ढवळाढवळ करतो, असा आरोप होतो. अशा वेळी आम्हाला आयडा बी. वेल्स आठवतात.

आयडा यांचा जन्म 16 जुलै 1862 रोजी अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात गुलाम कुटुंबात झाला. 1878 च्या पिवळ्या तापाच्या साथीत आईवडील गेले. सोळा वर्षांच्या आयडांनी शिक्षिका होऊन भावंडांना सांभाळले. पुढे त्या मेम्फिस शहरात वृत्तपत्राच्या संपादक झाल्या. मार्च 1892 मध्ये त्यांचे मित्र, किराणा दुकान चालवणारे थॉमस मॉस आणि दोन सहकाऱ्यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन ठार केले. कोणालाच शिक्षा झाली नाही. आयडांनी अशा हत्यांची माहिती गोळा करून छापायला सुरुवात केली. त्यांचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले, मेम्फिस सुटले.

फेब्रुवारी 1898 मध्ये साउथ कॅरोलिनात फ्रेझियर बेकर या कृष्णवर्णीय पोस्टमास्तराला व त्याच्या तान्ह्या मुलीला जमावाने मारले. अशा हत्या राज्याचा विषय आहेत, असे म्हणून केंद्र सरकार नेहमी हात झटकत असे. आयडा तान्हे बाळ कडेवर घेऊन वॉशिंग्टनला गेल्या आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना भेटल्या. बेकर केंद्राचा नोकर होता, म्हणून जबाबदारीही केंद्राचीच, हा त्यांचा मुद्दा होता. 1899 मध्ये केंद्रीय न्यायालयात खटला उभा राहिला. मात्र ज्युरीचे एकमत झाले नाही आणि आरोपी सुटले.

आयडा थांबल्या नाहीत. 1909 मध्ये इलिनॉय राज्यातील केरो येथे जमावाने विल्यम जेम्सला शेरीफच्या ताब्यातून नेऊन मारले. कायद्याने शेरीफचे पद गेले, पण ते परत मिळावे म्हणून त्याने अर्ज केला. तिथल्या काही कृष्णवर्णीयांनीच त्याच्या बाजूने पत्रे दिली होती. आयडा केरोला गेल्या, घटनेची माहिती काढली, लोकांना समजावले, सह्या घेतल्या आणि गव्हर्नरपुढे स्वतः बाजू मांडली. गव्हर्नरने अर्ज फेटाळला. 25 मार्च 1931 रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले.

खैरलांजीचा तपासही लोक रस्त्यावर उतरल्यानंतरच सीबीआयकडे गेला. तरीही 2008 च्या निकालात न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही, हे आपण विसरलो नाही. बेकर प्रकरणाचा धडाही हाच आहे. तपास यंत्रणा बदलली म्हणजे न्याय मिळाला असे नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : मागणी जरूर करा, ती ढवळाढवळ नाही, आपला हक्क आहे. पण निवेदनासोबत घटनास्थळाची माहिती, तारखा आणि कागदपत्रेही द्या. साक्षीदारांच्या पाठीशी उभे राहा, आणि मोर्चा संपल्यावर निकालापर्यंत प्रत्येक तारखेला न्यायालयात हजर राहा.

जय भीम!