रिकाम्या जहाजांचा हिशेब

बंदरातून भरलेले जहाज निघाले की आपण त्यातल्या मालाचा विचार करतो. माल उतरवून तेच जहाज रिकामे परत निघाले, तर त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यालिंग कूपमन्स यांनी पाहिले, आणि एका नव्या शास्त्राच्या पायात आपला दगड बसवला.

१९१० साली नेदरलँड्समधल्या एका खेड्यात, शिक्षकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आधी गणित, मग भौतिकशास्त्र. १९३४ सालचा त्यांचा एक सिद्धान्त रसायनशास्त्राचे विद्यार्थी अजूनही शिकतात. पण तो महामंदीचा काळ होता. अणूपेक्षा माणसांच्या पोटाचा प्रश्न त्यांना जवळचा वाटला आणि ते यान टिनबर्गन यांच्याकडे अर्थशास्त्र शिकू लागले. १९४० साली युद्धाच्या धामधुमीत पत्नी आणि तान्ह्या मुलीसह त्यांनी अमेरिका गाठली.

१९४२ मध्ये ते वॉशिंग्टनला ब्रिटिश जहाज वाहतुकीच्या कचेरीत संख्याशास्त्रज्ञ म्हणून लागले. जर्मन पाणबुड्या जहाजे बुडवत होत्या. ब्रिटनला धान्य हवे होते, शस्त्रे हवी होती. तुटवडा होता तो जहाजांचा. अशा वेळी रिकाम्या फेरीत गेलेला एकेक दिवस महाग होता.

हा पेच मला परका वाटत नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. मार्केट यार्डाजवळच्या शाखेत नोटांचा ढीग साचे, आणि कारखान्याजवळच्या शाखेत पगाराच्या दिवशी रोकड पुरत नसे. गाडी एक, बंदूकधारी पहारेकरी मोजके. कोणत्या शाखेतून कोठे रोकड न्यायची, म्हणजे गाडीच्या रिकाम्या फेऱ्या कमी होतील, एवढाच प्रश्न असे. कूपमन्स यांच्यासमोर शाखांच्या जागी जगभरची बंदरे होती.

त्यांनी ओळखले की एखाद्या फेरीचा खर्च केवळ अंतरावर ठरत नाही. जहाज रिकामे होते त्या बंदरात पुढचा माल तयार आहे की नाही, यावरही तो ठरतो. जवळचे बंदर महाग पडू शकते, लांबचे स्वस्त. म्हणून प्रत्येक बंदरात उभ्या असलेल्या रिकाम्या जहाजाला एक किंमत द्यायची. दोन बंदरांतल्या किमतींच्या फरकातून प्रवासाचे दिवस भरून निघत असतील, तरच ते रिकामे हलवायचे. हिशेब साधा दिसतो. पण शेकडो मार्गांवर तो एकदम जुळवायचा होता.

१९४७ साली जॉर्ज डँटझिग त्यांना शिकागोत भेटले. असे हिशेब पायरीपायरीने सोडवण्याची रीत डँटझिग यांनी त्याच वर्षी शोधून काढली. तिचा उपयोग कोठवर जाईल हे कूपमन्स यांनी चटकन हेरले. तिकडे लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूडच्या कारखान्यासाठी १९३९ सालीच हाच विचार मांडला होता. पुढे त्यांचे ते लेखन इंग्रजीत यावे म्हणून कूपमन्स यांनी खटपट केली.

१९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल कूपमन्स आणि कांतोरोविच यांना विभागून मिळाले. डँटझिग यांचे नाव त्यात नव्हते. कूपमन्स यांना ते फार लागले. आपल्या वाट्यातले ४० हजार डॉलर त्यांनी डँटझिग यांच्या सन्मानार्थ ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेला दिले.

१९८५ साली ते गेले. रिकाम्या जहाजांची दखल घेणाऱ्या या माणसाने श्रेयाच्या वाटणीतही कोणाचे नाव राहून गेले, ते पाहिले. मला त्यांचा हा दुसरा हिशेब अधिक मोठा वाटतो.