पालवणकर बाळू

मीरा रोड किंवा भाईंदरहून लोकलने चर्चगेटला जाताना चर्नी रोड स्थानक मागे पडले, की उजव्या हाताच्या खिडकीतून समुद्राच्या बाजूची मैदाने दिसू लागतात. तेथे बहुधा क्रिकेट चाललेले असते. या मैदानांची नावे पाहा: हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. मैदानांना धर्माची नावे कशी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. एके काळी मुंबईचे मोठे क्रिकेट याच नावांनी खेळले जाई. पारशांचा संघ वेगळा, हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा आणि राज्यकर्त्या युरोपियनांचाही वेगळा.

त्या काळात हिंदूंच्या संघात एक गोलंदाज होते. त्यांचे नाव पालवणकर बाळू. त्यांनी टाकलेला चेंडू सगळा संघ झेलत असे. पण त्यांच्यापैकी काही जणांना बाळूंनी हात लावलेला चहाचा कप चालत नसे. कारण बाळू चर्मकार समाजातले होते आणि त्या समाजाला अस्पृश्य मानले जाई.

बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे कोकणातले. पालवण या गावावरून त्यांना पालवणकर हे आडनाव मिळाले. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे बाळूंचे बालपण पुण्यात लष्कराच्या वस्तीजवळ गेले. गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुने झालेले सामान टाकून देत. त्या सामानावर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हा खेळ शिकले. त्यांच्यामागून गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन भाऊही खेळू लागले. चौघेही पुढे हिंदूंच्या संघातून खेळले. एकाच घरातून असे चार भाऊ क्वचितच निघतात.

शाळा लवकर सुटली आणि बाळू कामाला लागले. पुण्यात पारशांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे मैदान झाडायचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, असे त्यांचे काम होते. पगार महिना ३ रुपये. तेथून ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार एक रुपयाने वाढला. कामही वाढले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी बांधणे, टेनिसच्या मैदानावर पांढऱ्या रेघा मारणे, हे सारे त्यांच्याकडे आले. अधूनमधून सरावासाठी कोणी साहेब त्यांना चेंडू टाकायला सांगत असे. बाळू डाव्या हाताने संथ चेंडू टाकत.

येथे थोडे थांबू. ‘गोलंदाज’ हा मराठी शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल, कारण तो फारसीतून आलेला आहे. पूर्वी तोफेचा गोळा डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत. पुढे चेंडू टाकणाऱ्यालाही मराठीत तेच नाव मिळाले. उर्दूत तुम्ही त्याला गेंदबाज म्हणता. बाळूंच्या चेंडूला मात्र तोफेच्या गोळ्याचा वेग नव्हता. त्यांचे बळ फिरकीत होते. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. फलंदाज पुढे सरसावतो. चेंडू बॅटीची कड घेऊन मागच्या खेळाडूच्या हातात जातो किंवा यष्टिरक्षकाकडे पोहोचतो. एकाच जागी टप्पा टाकायचा, पण प्रत्येक चेंडू थोडा निराळा टाकायचा, ही कला तासन्‌तास सराव केल्यावाचून येत नाही. बाळूंना तो सराव नोकरीनेच दिला.

पूना क्लबात जे. जी. ग्रेग नावाचे लष्करी अधिकारी खेळत. भारतातल्या उत्तम इंग्रज फलंदाजांत त्यांची गणना होई. बाळूंची गोलंदाजी त्यांनी हेरली. इतर सभासद येण्यापूर्वी ते मैदानावर येत आणि बाळूंना चेंडू टाकायला लावत. बाळू जेव्हा जेव्हा त्यांना बाद करत, तेव्हा तेव्हा ग्रेग त्यांना आठ आणे देत, असे सांगतात. ही गोष्ट खरी असेल, तर आठ वेळा बाद केले, की महिन्याचा पगार सुटत होता! परंतु इतकी वर्षे चेंडू टाकूनही त्या क्लबात बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि गोलंदाजीचे कष्ट नोकराने उपसायचे, अशी तेथली रीत होती.

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्याला युरोपियनांच्या संघाला हरवायचे होते आणि हरवू शकेल असा गोलंदाज गावातच होता. मग वाद सुरू झाला. चर्मकाराला संघात घ्यावे की नाही? काही सभासद अनुकूल होते, काही अगदी विरुद्ध. शेवटी जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली आणि बाळूंना घेतले गेले. पण कसे? मैदानावर सगळे जण एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली, की इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा पीत. बाळूंचा चहा बाहेर येई, तोही वापरून फेकून द्यायच्या साध्या मातीच्या भांड्यात. जेवायला त्यांचे पान वेगळे मांडले जाई. तोंड धुवायला पाणी हवे असेल, तर ते त्यांच्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या नोकराने आणून द्यायचे. बाळूंनी बळी घ्यावेत आणि पुन्हा बाहेर जाऊन उभे राहावे, असे चालले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना ही गोष्ट खटकली. ज्याच्याबरोबर आपण खेळतो, त्याच्याबरोबर खायला-प्यायला का नको, असा सवाल त्यांनी जाहीरपणे केला.

१८९६ च्या सुमारास प्लेगच्या साथीच्या दिवसांत बाळू मुंबईला आले. येथे त्यांनी काही काळ लष्करात आणि नंतर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी केली. भाईंदरवरून जाणारी आजची पश्चिम रेल्वे म्हणजे त्या काळची हीच रेल्वे. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही त्यांच्या प्रवेशावरून कुरबुर झाली, पण ती लवकर मिटली. येथे त्यांना इतर खेळाडूंबरोबर जेवायला बसता येऊ लागले.

१९०६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात हिंदू आणि युरोपियन यांचा सामना मुंबईत झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ झाल्या. हिंदूंचा दुसरा डाव १६० धावांत आटोपला. आता युरोपियनांना जिंकायला २१२ धावा हव्या होत्या. पण बाळू आणि त्यांच्या साथीदारांपुढे त्यांचा सगळा संघ १०२ धावांत गारद झाला. हिंदू १०९ धावांनी जिंकले! शिवरामही या सामन्यात खेळले होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाला धावसंख्येहून दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. पुण्याच्या क्लबाने बाळूंना फक्त खेळायला घेतले होते. मुंबईने त्यांना आपल्या पंक्तीलाही बसवले. त्याच संघाने सामना जिंकला, हे त्याने आवर्जून लिहिले.

१९११ साली भारताचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख खेळाडू एका संघात निवडले गेले होते. पतियाळाचे १९ वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग कर्णधार होते. शफकत हुसेन, सलामुद्दीन खान आणि सय्यद हसन हेही या संघात होते. त्या काळी अलीगढचे कॉलेज क्रिकेटसाठी देशभर नावाजलेले होते. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ तर होतेच. महाराज फार थोडे सामने खेळले. मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच त्यांचा वेळ जाई. संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंचा खांदा दुखत असतानाही त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ जणांना बाद केले. तेव्हा त्यांचे वय ३५ च्या घरात होते. हेच त्यांना दहा वर्षे आधी इंग्लंडला जायला मिळाले असते तर? परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी मुंबईत शिकत असलेल्या भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान वाटत असे.

१९१२ पासून मुसलमानांचा संघही मुंबईच्या सामन्यांत उतरला आणि त्यांचे नाव चौरंगी सामने असे पडले. बाळू हिंदूंचे सर्वांत अनुभवी खेळाडू होते. मग कर्णधार कोण व्हायला हवा होता? तुम्ही म्हणाल, बाळू. पण तसे झाले नाही. १९१३ साली मुकुंदराव पै यांना कर्णधार केले गेले. पै यांचा मोठेपणा असा, की एका सत्कारसमारंभात त्यांनी हा मान खरे तर बाळूंचा होता, असे स्वतःच सांगून टाकले. निवडणाऱ्यांवर याचा काही परिणाम झाला नाही. चहाचा कप एकवेळ बदलता आला. परंतु चर्मकार कर्णधाराच्या हुकमाने उच्चवर्णीयांनी मैदानावर इकडून तिकडे जायचे, ही कल्पना पुष्कळांना सोसवत नव्हती.

१९२० साली गोष्ट हातघाईवर आली. पै आजारी होते. त्यांच्या जागी पुण्याचे तरुण खेळाडू दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. शिवराम आणि विठ्ठल हे दोघेही देवधरांपेक्षा अनुभवाने मोठे होते. त्या दोघांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे आपल्याला डावलले जाते, असे जाहीर पत्र काढले. मुंबईत खळबळ उडाली. भावांच्या बाजूने सभा झाल्या, वर्तमानपत्रांत पत्रे आली. अखेर पुढच्या सामन्यासाठी पै परत आले, दोघे भाऊ परत आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. त्यांच्या वाट्याला एवढेच कर्णधारपद आले.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले. ते नामांकित फलंदाज होते. त्यांच्या संघाने त्या वर्षीची स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. पुढच्या वर्षी, १९२४ मध्ये, मुसलमानांच्या संघाने पहिल्यांदा ही स्पर्धा जिंकली आणि मग पुन्हा दोन वर्षे विठ्ठलच्या संघाने. धर्मावरून संघ पाडण्याची ही पद्धत १९४६ साली बंद झाली. ते बरेच झाले.

भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तोवर बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. म्हणून कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांच्या प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांची मात्र नोंद आहे. त्यांत त्यांनी १७९ बळी घेतले आणि दर बळीमागे सरासरी १५ धावा दिल्या.

निवृत्तीनंतर ते राजकारणात पडले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत ते होते. १९३७ साली काँग्रेसने त्यांना मुंबई विधानसभेसाठी उभे केले, तेही डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध. दोघांचे मार्ग आता वेगळे झाले होते. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५.

विठ्ठलनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली निघाले. या चौघा भावांच्या क्रिकेटच्या अनेक हकिकती त्यामुळे टिकून राहिल्या.

१ जून १९५५ रोजी भारतात अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा अमलात आला. उपाहारगृहातली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मनाई करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. ४ जुलै १९५५ रोजी पालवणकर बाळू यांचे मुंबईत निधन झाले.