टर्नर : वादळाचा चित्रकार
कयाधूच्या काठी वाढलेल्या हिंगोलीच्या विद्यार्थ्याला समुद्र बहुधा प्रथम चित्रातच भेटतो. तैलरंगात तो जिवंत करणाऱ्यांत जोसेफ मॅलॉर्ड विल्यम टर्नर अग्रभागी. लंडनमधील केशकर्तनकाराच्या या मुलाचा जन्म १७७५ चा. वयाच्या १४ व्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश मिळाला. १७९६ मध्ये तेथेच त्यांचे पहिले तैलचित्र मांडले गेले. विषय होता, चांदण्या रात्री समुद्रात गेलेले मच्छीमार.

पुढे पांढऱ्या अस्तरावर पातळ, पारदर्शक रंगांचे थर चढवीत त्यांनी धुके, तुषार आणि प्रकाश असे एकजीव केले की, पाणी कोठे संपते व आकाश कोठे सुरू होते, हे कळू नये. १८४२ च्या हिमवादळातील आगबोटीच्या चित्राला टीकाकारांनी साबणाचा फेस आणि चुना ठरविले. डोलकाठीला स्वतःला बांधून घेऊन आपण ते वादळ पाहिले, असे टर्नर सांगत. अभ्यासकांना ते फारसे पटत नाही.

टिकणार नाहीत हे ठाऊक असूनही काही तांबडे रंग त्यांनी वापरलेच. त्यामुळे त्यांच्या काही आकाशांची लाली आता उतरली आहे. १९ डिसेंबर १८५१ रोजी त्यांचे निधन झाले. मागे राहिलेली सुमारे ३०० तैलचित्रे राष्ट्राच्या स्वाधीन झाली. त्यांतील बहुतेक लंडनच्या टेट ब्रिटन संग्रहालयाकडे आहेत.