पोप पायस दुसरे आणि पिएन्झाचा चौक

रोम आणि फ्लॉरेन्स यांच्या मध्ये, तोस्कानाच्या टेकड्यांवर पिएन्झा नावाचे छोटेसे गाव आहे. रोमच्या यात्रेला जाणाऱ्यांनी सवड काढून पाहावे असे. या गावाचे जुने नाव कोर्सिन्यानो. इथे १४०५ साली एनेया सिल्व्हियो पिकोलोमिनी याचा जन्म झाला. घराणे सिएना शहरातले मोठे, पण सत्ता गेली, पैसाही गेला. आईला अठरा मुले झाली, जगली थोडीच. एनेया वडिलांबरोबर शेतात राबला आणि अठराव्या वर्षी शिकायला सिएनाला गेला.

मुलगा हुशार, लेखणी तर तलवारीसारखी. पण वाट भरकटली. बाझल येथील धर्मपरिषदेत तो पोप युजीन चौथे यांच्या विरोधकांना मिळाला आणि त्यांनी उभ्या केलेल्या विरोधी पोपचा चिटणीस झाला. त्याने शृंगारिक कथा लिहिली. लग्नाविना त्याला मुलेही झाली. आपल्या पानावर हे कशाला, असे कोणी विचारील. पण ते वगळले तर पुढचा माणूस समजणार नाही. भक्ती मात्र पुरती आटली नव्हती. १४३५ साली स्कॉटलंडला जाताना समुद्रात वादळ झाले, तेव्हा त्याने पवित्र मरियेला नवस केला. किनाऱ्याला लागताच गोठलेल्या जमिनीवरून तो अनवाणी तिच्या मंदिरापर्यंत चालत गेला. त्या दिवसापासून धरलेले पाय जन्मभर सुटले नाहीत.

१४४५ साली तो पोप युजीन यांच्यापुढे उभा राहिला, क्षमा मागितली आणि त्याला ती मिळाली. १४४७ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याला गुरुदीक्षा मिळाली. पुढे त्रिएस्तेचे आणि मग सिएनाचे बिशप, १४५६ साली कार्डिनल आणि १९ ऑगस्ट १४५८ रोजी पोप. नाव घेतले पायस दुसरे. सिएनाच्या संत कॅथरीनला १४६१ साली संतपद दिले ते यांनीच.

कॉन्स्टँटिनोपल १४५३ साली पडले होते. त्यासाठी युरोपच्या राजांना एकत्र आणावे म्हणून पोप मांतुआला निघाले. वाटेत, फेब्रुवारी १४५९ मध्ये, ते जन्मगावी थांबले. गाव स्वागताला लोटले, पण बरोबरीचे बहुतेक जण मातीआड गेले होते. जे उरले होते ते अंथरुणाला खिळलेले, ओळखू न येणारे. पोपना आपलेही वय तिथे कळले. गाव नव्याने बांधायचे त्यांनी ठरवले आणि बेर्नार्दो रोसेलिनो या वास्तुकाराला बोलावले.

रोसेलिनोने जो चौक आखला तो आजही तसाच आहे. समोर महामंदिर, उजवीकडे पोपच्या घराण्याचा वाडा, डावीकडे बिशपांचा आणि पाठीशी नगरभवन. वाड्याशेजारी दगडी विहीर. गंमत अशी की दोन्ही बाजूंच्या इमारती समांतर नाहीत, महामंदिराकडे जाताना त्या एकमेकींपासून दूर सरकतात. त्यामुळे लहान जागा मोठी वाटते आणि महामंदिराच्या दोन्ही अंगांनी दरीतली हिरवी शेते दिसतात. आत भिंती पांढऱ्या आणि खिडक्या उंच. जर्मन मुलखात पाहिलेल्या मंदिरांतला उजेड पोपना इथे हवा होता. भिंती कोणी रंगवू नयेत, पुरोहित आणि बिशप सोडून आत कोणाला पुरू नये, असा आदेशच त्यांनी १४६२ साली काढला.

आता खर्चाचे. रोसेलिनोने सुमारे १८ हजार दुकातांचा अंदाज दिला होता. गेले ५० हजारांहून अधिक. विरोधकांनी कागाळ्या केल्या. रोसेलिनो भीतभीतच समोर आला. पोपनी मात्र त्याच्या कामाची स्तुती केली. खरा आकडा आधी सांगितला असता तर हे उभेच राहिले नसते, हे त्यांनी मान्य केले. वर १०० दुकात आणि लाल झगा बक्षीस दिला! चर्चच्या पैशाने आपले गाव सजवावे का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो रास्तच आहे. पण स्वतः मोठी माफी मिळालेला माणूस हिशेबाला बसला की असाच बसतो, असे मला वाटते.

राजे काही एकत्र आले नाहीत. १४६४ च्या उन्हाळ्यात आजारी पोप स्वतःच आंकोना बंदरावर गेले आणि जहाजांची वाट पाहत राहिले. व्हेनिसचे आरमार आले तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होते. ऑगस्टच्या मध्यावर त्यांनी प्राण सोडला. पुढच्याच महिन्यात रोसेलिनोही गेला.

महामंदिराची मागची बाजू दरीच्या कडेवर आहे. पाया खणताना खोलवर जाऊनही घट्ट खडक लागला नव्हता. बांधकाम चालू असतानाच भिंतीला तडा गेला, तेव्हा चुना अजून वाळायचा आहे असे रोसेलिनोने पोपना सांगितले होते. पाचशे साठ वर्षे होऊन गेली. मागची बाजू खचतेच आहे, आणि वेदीकडे चालत गेले की जमीन उताराला लागल्याचे पायांना कळते.