मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (२६ डिसेंबर १९३५ – २७ सप्टेंबर १९९९) या ग्रामीण आरोग्याच्या क्षेत्रात कार्य करणाऱ्या भारतीय डॉक्टर होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टरांच्या हाती एकवटलेले ज्ञान व अधिकार गावातील स्त्रियांकडे सोपविणे हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य ठरले.

प्रारंभिक जीवन

मेबल यांचा जन्म जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. १९६० मध्ये सहाध्यायी रजनीकांत यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे दोघांनी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. बरे होऊन गेलेले रुग्ण टाळता येण्याजोग्या त्याच आजारांनी पुन्हा येतात, हे तेथे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर अमेरिकेत जाऊन दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले.

जामखेड प्रकल्प

जामखेड हा अवर्षणग्रस्त तालुका होता. तेथील जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत रुग्णसेवेस आरंभ झाला. लोकांची पहिली गरज पाणी व अन्न ही होती. त्यामुळे १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खोदणे आणि बालकांना आहार पुरविणे ही कामे प्रकल्पाने हाती घेतली. अनेक हातपंप दलित वस्त्यांत बसविण्यात आले. परिणामी इतर जातींच्या लोकांनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले.

ग्राम आरोग्य सेविका

सुरुवातीला गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्यात आल्या. मात्र बाहेरून आलेल्या या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही आणि खेड्यात एकटीने राहणे त्यांनाही अवघड गेले. तेव्हा आरोळे दांपत्याने योजना बदलली. प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असे ठरले. यातील अनेक जणी निरक्षर व दलित होत्या. प्रशिक्षणासाठी त्या दर आठवड्यास जामखेडला येत. या प्रशिक्षणाची घडण प्रामुख्याने मेबल यांनी केली. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एकत्र जेवणे व राहणे हाही त्याचा भाग होता.

सुरक्षित प्रसूती, अतिसारावर मीठ-साखर-पाण्याचा उपचार, कुष्ठरोग व क्षयरोगाच्या रुग्णांचा शोध आणि कुटुंबनियोजन ही कामे सेविका करू लागल्या. परिचारिका व डॉक्टरांचे फिरते पथक त्यांना मदत करी. गुंतागुंतीचे रुग्ण जामखेडच्या रुग्णालयात पाठविले जात. पुढे याच सेविका देशविदेशांतून येणाऱ्या प्रशिक्षणार्थींना शिकवू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ असलेले बालमृत्यूचे प्रमाण मेबल यांच्या हयातीतच ३० च्या आत आले.

लेखन व सन्मान

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगावर आरोळे दांपत्याचे प्रकरण होते. या प्रयोगाचा इतिहास सांगणारे इंग्रजी पुस्तक दोघांनी १९९४ मध्ये प्रकाशित केले. दोघांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार व १९९० मध्ये पद्मभूषण हा सन्मान मिळाला. मेबल यांनी काही काळ युनिसेफच्या दक्षिण आशिया कार्यालयातही काम केले.

१९९९ मध्ये मेबल यांचे निधन झाले. त्यांच्यानंतरही सेविकांच्या बळावर प्रकल्पाचे काम सुरू राहिले.