शब्दांना चित्राची जोड कधी लागते? दासोपंतांच्या ४० फुटी ‘पासोडी’तून समजून घ्या

आज नवं गाणं आलं की त्याचा व्हिडिओही येतो. कधी त्यात नुसते शब्द सरकतात, कधी वेगळीच गोष्ट दिसते. पण शब्दांसोबत चित्र हवं कशाला? बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईत ४०० वर्षांपूर्वी एका संतकवीने याचं उत्तर थेट कापडावर दिलं होतं.

कोण होते दासोपंत?

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. जन्म नारायणपेठचा, घराणं देशपांड्यांचं. परंपरेनुसार, दुष्काळात वडील दिगंबरपंतांनी सरकारी धान्य लोकांना वाटलं. बीदरच्या बादशहाने वसुलीसाठी कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं आणि महिन्याची मुदत दिली. अखेर दत्ताजी पाडेवार नावाच्या माणसाने रक्कम भरली. तो म्हणजे साक्षात दत्त, अशी श्रद्धा आहे. पुढे दासोपंतांनी घर सोडलं. माहूरला तप केलं आणि अंबाजोगाईत स्थायिक झाले. गीतेवरील त्यांचा ‘गीतार्णव’ तब्बल सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. त्यांना रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असंही सांगितलं जातं.

पासोडी म्हणजे काय?

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडंभरडं कापड. दासोपंतांनी २४ हात लांब आणि अडीच हात रुंद, म्हणजे सुमारे ४० फुटी कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलं. त्यात सुमारे १६०० ओव्या आहेत. सोबत आकृत्या आणि कोष्टकंही आहेत.

आकृत्या कशासाठी?

पंचीकरण हा वेदान्तातला हिशेब आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच तत्त्वं. प्रत्येकाचे दोन भाग करायचे. अर्धा भाग स्वतःकडे राहतो. उरलेल्या अर्ध्याचे चार भाग होऊन बाकीच्या चौघांत जातात. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात निम्मा वाटा स्वतःचा आणि इतर चौघांचा एक-अष्टमांश. हे नुसतं ऐकलं तर गोंधळ उडतो. पाच ओळी, पाच रकाने मांडले की २५ घरांत सगळं दिसतं. पोथीचं पान उलटलं की मागची आकृती नजरेआड जाते. सलग कापडावर ती समोरच राहते.

मग गाण्यांचं काय?

‘पदार्णव’ नावाने ओळखली जाणारी दासोपंतांची पदं गाण्यासाठी आहेत. त्यांच्यासोबत रागांची नावं येतात. तिथे अर्थ पोहोचवायचं काम सूर करतो. म्हणजे एकाच कवीने पदाला राग दिला आणि हिशेबाला आकृती.

आजच्या व्हिडिओशी संबंध काय?

गाण्यात ‘पाऊस’ शब्द आला की पडद्यावर पाऊसच दाखवणं, ही झाली पुनरुक्ती. कानाला जे पेलत नाही ते डोळ्यांना दाखवणं, ही झाली जोड. पासोडीवरची आकृती काढून घेतली तर ओव्या उरतात, पण समजणं अवघड होतं. व्हिडिओ बंद केल्यावर गाण्यातलं काय हरवतं, हे पाहिलं की त्याची गरज किती होती ते कळतं.